न मागितलेली बाब

आमच्या धंद्यात अंदाजकाकांचं नाव निघालं की निम्मे ठेकेदार कपाळाला हात लावायचे आणि उरलेले निम्मे चहाच्या निमित्ताने उठून जायचे. मी पहिल्या निम्म्यातला. घराला एखादी खोली वाढवायची, स्वयंपाकघर मोठं करायचं, गळकी गच्ची दुरुस्त करायची, अशा कामाला खर्च किती येईल ते आधी सांगणं हा काकांचा व्यवसाय. लोक त्यांना घर दाखवायचे, ते टेप लावून मोजमाप घ्यायचे आणि अंदाजपत्रक करून द्यायचे. ते हातात घेऊन लोक आमच्यासारख्या ठेकेदारांकडे यायचे आणि मग आमची पंचाईत व्हायची. कारण काकांनी लिहिलेल्या आकड्यात काम प्रामाणिकपणे होत असे, आणि फक्त प्रामाणिकपणेच होत असे.

आकड्यांचं दुःख मी गिळलं असतं. खरा डोक्याला ताप होता तो त्यांच्या एका प्रश्नाचा. कुणाच्याही घरात शिरले की माणसांकडे बघायच्या आधी ते छताच्या कोपऱ्यांकडे बघायचे. ओल कुठे धरली आहे, तडा नवा की जुना, सगळं हेरून झालं की नजर खाली आणायचे आणि विचारायचे, "या नव्या खोलीत झोपणार कोण?"

एका कापड दुकानदाराला वरती एक खोली चढवायची होती. काम मलाच मिळणार म्हणून मी वाळूचे भाव काढून ठेवले होते. काकांनी मोजमाप घेतलं, जिन्याचा कोपरा बघितला आणि नेहमीचा प्रश्न टाकला.

"पाहुण्यांसाठी," दुकानदार म्हणाला.

"कोण येतं पाहुणं?"

"येतात की. हिची बहीण येते, माझा मामेभाऊ येतो."

"शेवटचं कोण कधी आलं होतं?"

दुकानदाराने बायकोकडे पाहिलं, बायकोने भिंतीकडे.  काकांनी टेप गुंडाळला आणि म्हणाले, "हॉलमध्ये एक चांगला पलंग घ्या. खोली नको."

झालं, माझं काम गेलं. बाहेर आल्यावर मी त्यांच्यावर उखडलो. "काका, माझ्या पोटावर पाय देऊन तुम्हाला मिळतं काय हो? त्यांचे पैसे, त्यांची गच्ची. तुमचं काय जातं?"

"बांधायला पैसे एकदा लागतात, ठेकेदार," ते शांतपणे म्हणाले. "रिकामी खोली मात्र रोज झाडावी लागते."

मला ते कधी नावाने हाक मारत नसत. ठेकेदार म्हणायचे, आणि ते अशा सुरात की मी तो शब्द कुणाचा तरी चोरून आणलाय असं वाटावं.

त्यांचा दुसरा नियमही तसाच. मालकाने न मागितलेली बाब अंदाजपत्रकात घालायची नाही. अंदाजपत्रकात प्रत्येक कामाची एक ओळ असते, तिला आम्ही बाब म्हणतो. पायाची एक बाब, विटकामाची एक, गिलाव्याची एक. बाकीचे अंदाज काढणारे हळूच चार शोभेच्या बाबी सरकवून देतात. मालकाला त्या आवडतात आणि ठेकेदाराचंही भलं होतं. काका कापायला सांगायचे, पण वाढवायला कधी नाही. "त्याला हवं असेल तर तो तोंडाने मागेल," म्हणायचे. "आपण कोण त्याच्या घरात घुसवणारे?"

आता हा एवढा घरांचा जाणकार माणूस राहायचा कुठे, तर भाड्याच्या दोन खोल्यांत. स्वतःच्या नावावर एक वीट नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणून मी त्यांना चिडवायचो. ते हसायचे आणि म्हणायचे, "मी स्वतःचा अंदाज काढला होता रे. परवडेना."

काकू होत्या तोवर त्या खोल्यांना घरपण होतं. काकू त्यांच्याबरोबर मोजमापालाही यायच्या. टेपचं एक टोक काकांकडे, दुसरं काकूंकडे. भिंतीच्या त्या कोपऱ्यातून काकू ओरडायच्या, "लावलं हो!" आणि इकडून काका आकडा म्हणायचे. मालकाच्या घरातल्या बायकांशी गप्पा मारून कोणाला खरंच खोली हवी आहे आणि कोण नुसतं नवऱ्याच्या हौसेखातर मान डोलावतंय, हे काकूच काढून आणायच्या. मला तर वाटतं, तो प्रश्न मुळात त्यांचाच असावा. काकू गेल्या, त्यानंतर काका टेपचं दुसरं टोक विटेखाली दाबून ठेवायला लागले. मी धरतो म्हटलं तर म्हणायचे, "राहू दे, वीट हलत नाही." मला राग यायचा आणि वाईटही वाटायचं. दोन्ही एकदम वाटलं की मी सहसा शिव्या देतो, तशा दिल्या.

एकटेपणाचं त्यांनी कधी नाव काढलं नाही. पण काम नसलं तरी माझ्या साइटवर येऊन सिमेंटच्या गोणीवर बसायचे. भिंत सरळ आहे का बघायला गवंडी सोडतात त्या ओळंब्याकडे बघायचे, एखाद्या विटेवर बोट ठेवायचे आणि मजूर सगळे घरी जाईपर्यंत उठायचे नाहीत. घरी जाणं टाळायला माणसाला किती कारणं सापडू शकतात, ते मी त्यांच्याकडून शिकलो. भिंत बघून विटा किती लागतील ते उभ्या उभ्या सांगणाऱ्या या माणसाला एकट्यापुरता भात लावता येत नसे. दरवेळी दोघांचा व्हायचा. उरलेला दुसऱ्या दिवशी खायचा आणि त्या दिवशीचा पुन्हा उरायचा.

मुलगा दुसऱ्या शहरात होता. चांगली नोकरी, मागे मोकळी जागा असलेलं बैठं घर, बायको नोकरी करणारी. मुलगा वाईट नव्हता, हे मी आधीच सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही आपले त्याच्यावर दात धरून बसाल. दर रविवारी त्याचा फोन यायचा. मी एकदा तिथेच बसलो होतो.

"बाबा, कसे आहात?"

"मजेत."

"काही हवंय का?"

"मला काय हवं असणार? मजेत आहे मी."

बोलणं तेवढंच. मग हवापाण्याची दोन वाक्यं. फोन बंद झाला तरी काका तो हातात धरून बसून राहिले, जसा काही अजून त्यात एखादा शब्द अडकला असेल. आता सांगा, इतकी वर्षं बाप मजेत आहे म्हणत असेल, तर मुलाने तरी काय समजायचं?

अशात एके दिवशी काका माझ्या साइटवर जवळजवळ धावतच आले. हातात नकाशाची गुंडाळी. मुलाने घराच्या मागच्या बाजूला एक खोली वाढवायची ठरवली होती आणि खर्चाचा अंदाज बापालाच काढायला सांगितला होता. काकांनी नकाशा विटांच्या थप्पीवर पसरला आणि चार कोपऱ्यांवर चार खडे ठेवले.

"बघ," म्हणाले.

मी बघितलं. खोली, लागून न्हाणीघर. आत जायला पायरी नाही, उंबरा नाही, सपाट. दार नेहमीपेक्षा रुंद. न्हाणीघरात धरायला दांडा. खिडकी खाली घेतलेली, पलंगावर पडल्या पडल्या मागची झाडं दिसतील अशी.

"म्हाताऱ्या माणसाची खोली आहे," मी म्हणालो.

"मग?" काकांचा चेहरा असा झाला होता की मला त्यांच्याकडे बघवेना. "बोलला नाही रे एका शब्दाने. लहानपणापासून असाच आहे. मनात असेल ते बोलायचं नाही, करून दाखवायचं."

"काका, त्याला विचारलंत? खोली कुणासाठी आहे ते?"

"अशा गोष्टी विचारायच्या असतात होय? नकाशात दिसतंय ना सगळं."

उभ्या गावाला दारात उभं करून हा प्रश्न विचारणारा माणूस, आणि पोटच्या पोराला विचारायला विसरला. विसरला म्हणण्यात तरी काय अर्थ आहे? त्यांना विचारायचं नव्हतं. मलाही मग जोर करवेना. वाटलं, असेलही. नकाशा तर तसाच होता.

पुढचे दिवस काकांनी नुसता धुमाकूळ घातला. काम मलाच द्यायचं ठरलं; माझे गवंडी, माझी अवजारं, माझा टेम्पो, सगळं मुलाच्या शहरी न्यायचं. त्यांनी कपाट वॉचमनला देऊन टाकलं. मोठी भांडी कपडे इस्त्री करणाऱ्या बाईंना दिली. घरमालकाला सांगितलं की आता मी मुलाकडे राहायला जातोय, दुसरा भाडेकरू बघा. ओळखीच्या प्रत्येक साइटवर जाऊन निरोप घेऊन आले. ज्या ठेकेदारांनी त्यांना जन्मभर बोल लावले, त्यांनीही त्यांना चहा पाजला. कापड दुकानदाराने तर शर्टाचं कापड दिलं. त्याच्या हॉलमधल्या नव्या पलंगावर तो स्वतःच रोज दुपारी झोपत होता म्हणे.

आम्ही पोचलो. मी आणि गवंडी मागच्या मोकळ्या जागेतच आडोसा करून राहिलो. पहिल्या दिवशी मोजमाप घेताना मुलगा म्हणाला, "बाबा, मी धरतो," आणि त्याने टेपचं दुसरं टोक धरलं.  काकांनी तीच भिंत दोनदा मोजली.

पायासाठी खणायला सुरुवात झाली त्या दिवशी सून ऑफिसला निघता निघता मागे डोकावली. हसरी, मोकळी मुलगी. काका चरात उभे होते, मी वर.

"बाबा, उंबरा नक्की येणार नाही ना?" ती म्हणाली. "माझ्या आईचे गुडघे पार गेलेत. एवढीशी पायरीसुद्धा चढवत नाही तिला. आणि खिडकी खाली हवी हं. तिला दिवसभर पडून राहावं लागलं तर बाहेरचं काहीतरी दिसायला हवं."

"उंबरा नाही," काका म्हणाले. "खिडकी खालीच घेतली आहे."

"तुम्ही आहात म्हणून काळजी नाही," असं म्हणून ती गेली.

मी काकांकडे बघितलं. ते टेपकडे बघत होते. मग त्यांनी मला चर किती खोल खणायचा तो आकडा सांगितला. तो साफ चुकीचा होता. मी मुकाट्याने बरोबर आकडा गवंड्याला सांगितला. काकांना ते कळलं आणि मला कळलं हे त्यांना कळलं. 

संध्याकाळी मी त्यांना कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीवर नेलं आणि सरळ बोललो. "घरमालकाला फोन करा. खोल्या राहू देत म्हणा."

त्यांनी माझ्यासमोरच फोन केला. घरमालकाने नव्या भाडेकरूकडून अनामत रक्कम घेतली होती, महिनाअखेरीला तो राहायला येणार होता. काकांनी "बरं झालं, चांगलं माणूस मिळालं ना?" असं विचारलं आणि फोन ठेवला.

"मुलाला सांगा मग," मी म्हणालो. "काका, हसण्यावारी नेऊ नका. तुम्हाला राहायला जागा नाही. त्याला सांगा की मी समजलो होतो की खोली माझ्यासाठी आहे. मुलगा आहे तुमचा. काहीतरी करेल."

"काय करेल?"

"हॉलमध्ये ठेवेल. आणखी एक खोली बांधेल. मी बांधतो, नफा नको मला."

"न मागितलेली बाब मी कधी घातली का रे कुणाच्या घरात?"

"अहो, तुम्ही बाब आहात का? बाप आहात!"

"त्याने मागितलेलं नाही," एवढंच म्हणाले. मी कप आपटला तर टपरीवाला माझ्याकडे डोळे वटारून बघायला लागला.

मग सुरू झाला तो प्रकार मी माझ्या धंद्यात कधी पाहिला नव्हता. अंदाजकाका काम लांबवायला लागले. ज्या माणसाने आयुष्यभर आम्हाला एकेका दिवसासाठी धारेवर धरलं, तो आता रोज नवी खुसपटं काढू लागला. स्लॅब ओतून झाली. स्लॅबला पाणी मारत ठेवावं लागतं, म्हणजे ती पक्की होते, हे कुणालाही माहीत असतं. पण किती? आमचं पाणी मारून झालं, काकांचं होईना. सकाळ-संध्याकाळ नळी घेऊन स्लॅबवर उभे.

"काका, ही खोली आहे की धरण?" मी विचारलं.

"ऊन फार आहे. तडे जातील."

गिलाव्याचंही तेच झालं. लाद्या बसल्या तर एक लादी पोकळ वाजते म्हणून उखडायला लावली. आम्ही सगळ्यांनी वाजवून बघितली, कुणाला काही ऐकू आलं नाही. दाराच्या फटीत केस जातो म्हणून दार सुताराकडे परत पाठवलं. माझे गवंडी कुरकुरायला लागले. मजुरीचा खर्च अंदाजपत्रकाच्या बाहेर जायला लागला तेव्हा काकांनी तो गुपचूप माझ्या हातात ठेवला, स्वतःच्या खिशातून. मी घेत नव्हतो. घेतला नाही तर तो बिलात चढेल आणि मुलाला कळेल, म्हणाले.

त्या दिवशी मी त्यांच्याशी कडाक्याचं भांडलो. नव्या खोलीतच, रंग न दिलेल्या भिंतींमध्ये. माणसं अडकून पडली आहेत, पुढची कामं खोळंबली आहेत, हे शोभतं का तुम्हाला, असं काय काय बोललो. काकांनी सगळं ऐकून घेतलं.

"सकाळी तो ऑफिसला जायच्या आधी इथे येतो," ते म्हणाले. "विचारतो, बाबा, आज काय करायचंय? मी सांगतो. मग तो नीट ऐकून घेतो. इतकी वर्षं फोनवर मी त्याला काय सांगत होतो? मजेत आहे, मजेत आहे. आता सांगायला रोज काहीतरी असतं." त्यांनी भिंतीवरून हात फिरवला. "काम चाललंय तोवर मी इथे कामाचा माणूस आहे, ठेकेदार. काम संपलं की पाहुणा."

 मी बाहेर जाऊन उगाचच वाळू चाळत बसलो.

खरंच सांगतो, त्यांनी आणखी कितीही दिवस लांबवलं असतं तरी मी पुन्हा बोललो नसतो. पण विहीणबाई आल्या. सुनेची आई. त्यांची जागा रिकामी करून द्यायची मुदत संपली होती आणि खोली तर आतापर्यंत तयार व्हायला हवी होती. ठेंगणीशी बाई, हातात काठी, बरोबर एक जुनी सुटकेस आणि एक बोचकं. काका हॉलमधल्या दिवाणावर झोपायचे तो दिवाण त्यांना दिला. काकांनी आपलं अंथरूण आतल्या बोळात, जेवणाच्या टेबलामागे हलवलं.

विहीणबाई घरात अशा वावरायच्या की आपला आवाज होऊ नये. खुर्चीच्या कडेवर बसायच्या. जेवताना कुणी वाढायला आलं की ताटावर हात आडवा धरायच्या. सुटकेस तर त्यांनी उघडलीच नाही. बोचक्यातल्या दोन साड्या धुऊन वाळवून नेसत होत्या. लेक रागवायची, तर म्हणायच्या, "खोली झाली की सगळं एकदमच लावेन."

एका दुपारी त्या काठी टेकत टेकत मागे आल्या आणि दाराशी उभ्या राहिल्या. आत येऊ का असं विचारलं. स्वतःच्याच खोलीत! काका भिंतीला पॉलिश पेपर मारत होते, जिथे काही एक गरज नव्हती. मी खिडकीच्या कडेच्या फटींत लांबी भरत होतो.

काकांनी त्यांना वाळूची पाटी उलटी करून बसायला दिली. "थोडं राहिलंय, विहीणबाई. घाईत काम बिघडतं."

"माझी कसली घाई?" त्या ओशाळून म्हणाल्या. "माझ्यामुळे तुम्हालाच त्रास. तुमची झोपायची जागाही मी घेतली. मला झोपायला काय, कुठेही चालतं. फक्त..."

"फक्त काय?"

"काही नाही हो. दुसऱ्याच्या हॉलमध्ये झोपलं ना, की सकाळी डोळा लवकर उघडतो. जावई उठायच्या आत पांघरूण घडी करून ठेवावंसं वाटतं. लेक म्हणते, आई, पडून राहा. पण सगळ्यांच्या येण्याजाण्याचा हॉल, तिथे कसं पडून राहायचं? कंबर धरली तरी आपली बसून राहते. एक दार असलं की बरं असतं. लोटून घेता येतं." आणि मग एवढं बोलल्याची लाज वाटून त्या म्हणाल्या, "तुम्ही करा सावकाश."

काकांचा हात भिंतीवर थांबला होता. ते रोज पहाटे उठून, मुलगा जागा व्हायच्या आत, आपलं अंथरूण घडी करून नजरेआड सरकवायचे. मी आल्या दिवसापासून बघत होतो. त्यांच्याकडे निदान नळी होती, थापी होती, बाहेर येऊन उभं राहायला काम होतं. या बाईंकडे खुर्चीची कड होती, बाकी काही नाही.

विहीणबाई गेल्या. काकांनी पॉलिश पेपर खाली ठेवला, हात झटकले.

"ठेकेदार, रंगारी बोलाव. आणि सुताराला सांग दार उद्या हवं. काम संपवायचं."

"काका..."

"आधीच उशीर झालाय. माझ्यामुळे."

मग त्यांनी आम्हाला असं पळवलं की जुने अंदाजकाका परत आले. रंगाचा दुसरा हात सुकतोय तोवर नळ बसले, नळ बसतायत तोवर पंखा लागला. न्हाणीघरातल्या दांड्याला त्यांनी स्वतः सगळ्या वजनानिशी लोंबकळून पाहिलं. सुनेने पलंग लावला, पडदा लावला. विहीणबाई आत गेल्या, पलंगावर बसल्या आणि हळूच पाय वर घेतले. मग त्यांनी लेकीला सुटकेस आणायला सांगितलं. काका दारातच थांबले होते. सुटकेसचं कुलूप उघडल्याचा आवाज आल्यावर ते वळले आणि माझी अवजारं गोळा करायला लागले, जे त्यांचं काम नव्हतं.

निघायच्या दिवशी मुलगा टेम्पोपर्यंत आला. मला बाजूला घेऊन म्हणाला, "तुम्ही जवळ असता, बाबांकडे लक्ष ठेवा. त्यांना इथेच ठेवून घ्यावं असं फार वाटतं हो. पण त्यांचं सगळं तिकडे. काम, ओळखी, त्यांच्या त्या खोल्या. इथे करमायचं नाही त्यांना. मी विचारलं तर माझ्यासाठी म्हणून नाइलाजाने हो म्हणतील, म्हणून विचारतही नाही."

मला भयंकर राग आला. एकट्या त्याच्यावर नव्हे, त्या दोघांवर. आपलेच दात आणि आपलेच ओठ, दुसरं काय. मी तोंड उघडलं, तेवढ्यात मागून काकांचा आवाज आला, "ठेकेदार, दोरी नीट बांधली का? मागच्या वेळी फळ्या सुटल्या होत्या." मागच्या वेळी काही सुटलं नव्हतं. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांची नजर अशी होती की मी गेलो आणि बांधलेलीच दोरी पुन्हा बांधली. त्या एका नजरेचा राग मला अजून गेलेला नाही.

मुलगा वाकून पाया पडला. काकांनी त्याच्या खांद्यावरची कसलीतरी धूळ झटकली.

 आमच्या गावात शिरल्यावर मी म्हणालो, "आमच्याकडे चला. बायकोला फोन केलाय."

"तुमच्याकडे हॉलच आहे ना?"

"हो."

"मग नको. तुझं गोडाऊन आहे ना, तिथे एक खाट असायची. दोन दिवस राहतो. मग बघतो एखादी खोली."

मी भांडून पाहिलं. बायकोला फोनवर त्यांच्याशी बोलायला लावलं. त्यांनी तिची चौकशी केली, स्वयंपाकघरातला नळ अजून गळतो का विचारलं आणि नाही म्हणाले ते नाहीच. शेवटी गोडाऊनमध्ये सिमेंटच्या गोण्या एका बाजूला सारून आम्ही खाट टाकली. घरून जेवणाचा डबा आला. रंगाचे डबे, फावडी, स्लॅबखाली लावायच्या सेंटरिंगच्या फळ्या, आणि त्यांत काकांची एक बॅग. दिवेलागण झाली होती. मी दिवा लावला आणि डबा उघडतोय एवढ्यात त्यांचा फोन वाजला. त्या पत्र्याच्या शेडमध्ये मुलाचा आवाज मलाही स्पष्ट ऐकू येत होता.

"बाबा, पोचलात का?"

"पोचलो रे. आत्ताच."

"घरी सगळं ठीक?"

काकांनी गोण्यांकडे बघितलं, फळ्यांकडे बघितलं. "सगळं ठीक. जिथल्या तिथे आहे."

मी उठलो. फोन हिसकावून घ्यायचा आणि काय ते एकदाचं सांगून टाकायचं, एवढंच डोक्यात होतं. काकांनी हात वर केला आणि मला थांबवलं. 

"सासूबाई झोपल्यासुद्धा," मुलगा सांगत होता. "आल्यापासून पहिल्यांदाच इतक्या लवकर. दार लोटून घेतलंय. बाबा, खोली फार छान झाली हो."

"मग आवाज करू नका. झोपू दे त्यांना."

"आणि तुम्ही? दमला असाल. आता तुम्हीही आपल्या जागी निवांत पडा."

"हो. पडतोच आता."

"मजेत ना?"

"मजेत."

त्यांनी फोन खिशात ठेवला. खाटेवर बसून चपला काढल्या, त्या खाटेखाली सरळ लावून ठेवल्या आणि मला विचारलं, "ठेकेदार, इथला दिवा कुठून बंद होतो?"